काशीला गेलेला बाप

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. निजामाच्या पोलिसात मी उमेदीची सगळी वर्षं काढली. दरोडे पाहिले, खून पाहिले. त्यातल्या पुष्कळ आरोपींचे चेहरेही आता डोळ्यांपुढे येत नाहीत. या प्रकरणात तर कुणाला शिक्षाही झाली नाही. तरी ते आठवलं की मान खाली जाते.

तेव्हा मी मांजरसुंब्याच्या बाजूला एका ठाण्यावर अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. सकाळी शिपायांची हजेरी घ्यायची, उर्दूत रोजनामचा लिहायचा, मग गावोगावच्या खबरा ऐकायच्या. अशाच एका सकाळी चौसाळ्याकडची एक बाई बैलगाडीतून उतरली. चाळिशीची, चांगल्या घरातली दिसत होती. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"सायेब, माज्या भावानं माज्या बापाला मारलं," ती म्हणाली.

तिचं माहेर घाटाच्या वरच्या अंगाला. बाप गावचा जुना पंच. बांधाचे, बैलांचे, सोयरिकीचे तंटे त्यानं उभी हयात मिटवले होते. लोक त्याच्या शब्दाबाहेर जात नसत. ती मागच्या खेपेला माहेरी गेली, तेव्हा शेजारणींनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की, तुझा बाप दारोदार भाकर मागत फिरतो, भाऊ-भावजय त्याला उपाशी ठेवतात. या खेपेला गेली तर बाप घरातच नव्हता. भाऊ म्हणाला, काशीला गेलेत.

"लेकीला भेटल्याबिगर माजा बाप काशीला जाईल व्हय? आन् त्येचा जोडा घरातच हाय, सायेब. अनवाणी गेला का काशीला?"

मी फिर्याद लिहून घेतली. जमादाराला बरोबर घेऊन तिच्या माहेरच्या गावी गेलो आणि पाटलाला चावडीवर बोलावलं. त्यानं बाईच्या म्हणण्याला दुजोरा दिला.

"म्हातारा माज्या दारी यायचा साहेब. म्हणायचा, दोन दिस झाले, पोटात काय न्हाई. माज्या बायकोनंच कितींदा वाढलं त्याला."

"मग त्याच्या मुलाला तुम्ही विचारलं नाही?"

पाटलानं जमिनीकडे पाहिलं. "दुसऱ्याच्या घरातलं कशापायी विचारावं, म्हटलं."

विचारलं नव्हतं, पण साऱ्या गावात सांगितलं मात्र होतं. त्या दिवशी ज्यानं त्यानं मला हेच सांगितलं: पोरगा वाईट, सून त्याहून वाईट, म्हाताऱ्याचा काटा काढला असणार.

मुलाला ठाण्यावर आणलं. उंच, रापलेला, केस पिकायला लागलेला माणूस. बाप कुणाबरोबर गेला, कोणत्या गाडीनं गेला, शिधा काय दिला, एकाही प्रश्नाचं उत्तर त्याला धड देता येईना. जमादारानं त्याला त्या काळच्या रीतीप्रमाणे उन्हात उभं केलं. मी ओसरीतून पाहत होतो. खरा गुन्हेगार आमच्याकडे काय पुरावा आहे याचा अंदाज घेत असतो, साक्ष कुणी दिली ते विचारतो. यानं काहीच विचारलं नाही. फिर्याद त्याच्या बहिणीची आहे हे जमादारानं सांगितलं तेव्हा मात्र त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

थोड्या वेळानं तो आपणहून माझ्यापुढे आला.

"लिवा साहेब. मीच मारलं म्हणून लिवा."

"प्रेत कुठं आहे?"

त्यानं अंगठा उठवायला हात पुढे केला. जमादार खूश झाला. त्याच्या मते प्रकरण मिटलं होतं. माझं मन घेईना. खुनाची कबुली देऊन सुटल्यासारखा दिसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी झडतीसाठी त्याच्या घरी गेलो. फिर्यादी बहीण सोबत होती, मुलालाही नेलं. घरात त्याची बायको एकटीच. ती नणंदेच्या पाया पडायला वाकली, नणंदेनं पाय मागे घेतले. शिपाई कणग्या उपसत होते. मी सैपाकघराच्या दारात उभा राहिलो. चुलीजवळ एका वाडग्यात दुधात भाकरी कुस्करून ठेवली होती, अगदी मऊ, लापशीसारखी. शेजारी धुतलेलं धोतर घडी करून ठेवलेलं.

"बाई, घरात तान्हं मूल आहे?"

"न्हाई जी. लेकी सासरी नांदत्यात."

"मग हे कुणासाठी?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मान हलवून नको नको म्हणत होता. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाडगा उचलला.

"आता बास झालं," ती त्याला म्हणाली. "चला साहेब. त्येंच्या जेवायचा वखत झालाच हाय."

मळा गावापासून लांब, डोंगराच्या कुशीत होता. वाटेनं तीच बोलत होती. मामंजींना विसर पडू लागला तो जेवणापासून. हात धुऊन उठायचे आणि लगेच विचारायचे, आज सैपाक न्हाई का? पुन्हा वाढलं तर पुन्हा तेच. मग गावात जायचे आणि उपाशी ठेवतात म्हणून सांगायचे. लोकांना ते खरं वाटायचं. एवढा मोठा पंच खोटं कसं बोलेल? एकदा चारचौघांत धोतर सोडून बसले. त्या दिवसापासून नवऱ्यानं त्यांना मळ्यात आणून ठेवलं.

"ह्ये म्हणाले, बापाला हसलेलं मला बघवत न्हाई. मी रोज दोनदा येती. न्हाऊ घालती, भरवती. पण माणसाबिगर माणूस कसं ऱ्हाईल, साहेब?"

मळ्यात एक कोठी होती, तिचं दार बाहेरून लावलं होतं. आत म्हातारा बाजेवर बसला होता. कपडे स्वच्छ, दाढी केलेली. एका पायाला दोर होता, बाजेला बांधलेला. दार ढकलून तो बाहेर पडला असता तर मळ्यातली विहीर उघडीच होती. दोर पायाला काचू नये म्हणून सुनेनं त्यावर जुन्या लुगड्याची मऊ चिंधी गुंडाळली होती.

बहीण दारातच थिजली. म्हाताऱ्यानं तिला ओळखलं नाही. माझ्या अंगावरचा सरकारी पोशाख पाहून मात्र तो ताठ बसला, पागोटं चाचपलं, ते नव्हतं.

"या अमीनसाहेब. तंटा कुणाचा हाय?"

त्यानं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याच्यावर नजर थांबली.

"ह्येचा गुन्हा काय?"

शेवटी मुलगाच बोलला. "म्या माज्या बापाला बांधून ठिवलं."

म्हाताऱ्यानं डोळे मिटून विचार केला. पंच म्हणून तो असाच बसत असेल. मग म्हणाला, "बाप कुटं हाय? त्येला आदी बोलवा. त्येचं ऐकल्याबिगर निवाडा व्हनार न्हाई."

मुलगा मटकन खाली बसला आणि बापाच्या पायावर डोकं ठेवून रडू लागला. म्हातारा गोंधळला. परक्या माणसाची समजूत काढावी तसा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी वाकून दोर सोडला. माझा जमादार मिशीवाला, आडदांड गडी. तो आमच्याकडे पाठ करून विहिरीकडे बघत उभा होता.

"मला सांगायचं होतंस रं," बहीण भावाला म्हणाली.

"लाज वाटली, आक्का."

"आन् मला न्हाई वाटत आता? म्या तुज्यावर खुनाची फिर्याद केली."

कायद्यानं माणसाला डांबून ठेवणं हा गुन्हाच. मी रोजनामच्यात लिहिलं की, इसम जिवंत मिळाला, आजारी आहे, घरच्यांच्या ताब्यात दिला, फिर्याद रद्द. म्हाताऱ्याला मागच्या वाटेनं घरी न्यावं असं मुलगा म्हणत होता. सून ऐकेना. तिनं सासऱ्याचा हात धरला आणि गावाच्या वेशीतून, चावडीवरून, भर दुपारी त्याला चालवत नेलं. दुसऱ्या बाजूला लेक होती. लोक बाहेर आले. पाटलाची बायको पुढे झाली आणि सुनेला हळूच म्हणाली, "आता आला माज्या दारी, तर बसवून ठिवते आन् तुला हाक मारते." तिथं उभ्या असलेल्या बायांनी माना हलवल्या. हे आधी कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

पुढे बदली होईपर्यंत त्या घरी माझं अधूनमधून जाणं झालं. मध्ये बरेच दिवस जाणं राहिलं असताना मुलगा एकदा मांजरसुंब्याला भेटला तेव्हा मी वडिलांची चौकशी केली. "मला वळकत न्हाईत," तो म्हणाला. "पर माज्या हातचं खात्यात." हे सांगताना त्यानं माझ्या नजरेला नजर दिली.

माणूस शिक्षेच्या भीतीनं खरं लपवतो, असं आम्हाला शिकवलेलं; लाजेनंही लपवतो हे त्या कोठीत कळलं. त्यानंतर ठाण्यावर कुणी गप्प राहिला की त्याला उन्हात उभं करण्याआधी मी त्याच्या घरचा सैपाक पाहून येत असे. जमादार हसायचा नाही.