दुसऱ्या वाफ्यावरचं पांघरूण

गल्लीत त्यांना सगळे टेलरताई म्हणत. चाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजून झाल्यावर त्यांनी उरलेला जीव परसातल्या मटारात घातला. बी घरचंच, दरवर्षी चांगल्या वेलींच्या शेंगा वाळवून डबीत जपलेलं. बाजारच्या बियाचं नाव काढलं की त्यांचं नाक असं मुरडायचं, जणू कोणी त्यांना तयार कपडे घ्यायला सांगितलंय.

परसात वाफे दोन. एक ताईंचा, दुसरा त्यांच्या धाकट्या जावेचा. ती भिंतीपलीकडच्या खोल्यांत राहायची आणि चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दोघींचा अकरा हिवाळ्यांचा नियम होता. संध्याकाळी आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, म्हणजे रात्री थंडी वेली जाळणार असं दिसलं, की जी घरी असेल तिने दोन्ही वाफे झाकायचे. पांघरुणं ताईंनीच शिवलेली, कोटांच्या उरलेल्या अस्तराची, वाफ्याला एकेक.

यंदा हवेने ताळतंत्रच सोडलं होतं. पेरणी झाली आणि आठवडाभर पाऊस. बी जागच्या जागी कुजलं. ताईंनी डबी उपडी केली. अर्धं बी जावेला दिलं, अर्धं स्वतः पेरलं. डबीत एक दाणा उरला नाही. मग मध्येच उन्हाळ्यासारखं ऊन. तरी वेली चढल्या, फुलल्या, आणि नेमकी तेव्हाच ताईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली.

"खुशाल जा हो ताई," जाऊ म्हणाली. "दोन रात्रींचा तर प्रश्न. मी आहे ना!"

ताई ऑपरेशननंतर लेकीकडे राहिल्या. दुसऱ्या रात्री कडाक्याची थंडी पडली, तरी त्यांना वाफ्याचा घोर लागला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळा चष्मा लावून त्या थेट परसात गेल्या. त्यांचा वाफा उघडा होता. शेंडे काळे पडलेले, फुलं बोट लावताच हातात येत होती. शेजारी जावेचा वाफा मात्र दुहेरी पांघरुणाखाली सुखात होता. वरच्या पांघरुणाच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची खूण होती. ती ताईंनी स्वतःच्या वाफ्यासाठी घातलेली. नव्या डोळ्याने पहिल्यांदा नीट काय दिसलं, तर हे.

विसरली असती तर ताईंनी समजून घेतलं असतं. पण ही बया विसरली नव्हती. तिने दोन्ही पांघरुणं आणली, एकावर एक घातली, कडा विटांनी दाबल्या, आणि हे सगळं ताईंच्या उघड्या वाफ्याशेजारी बसून केलं. अकरा वर्षं आपण कोणाच्या भरवशावर झोपलो!

जाऊ कामावर गेली होती. दहाच्या सुमाराला ऊन चटचटायला लागलं. दुहेरी अस्तराखाली वेली उकडणार, फुलं गळणार, हे ताईंना ठाऊक होतं. त्या पायरीवर बसून राहिल्या. उकडू देत मेल्या, असं मनात आलं आणि त्यांना बरं वाटलं. पुढे स्वतःची लाज वाटावी इतकं बरं वाटलं. पण त्यांचं उरलंसुरलं बी त्याच पांघरुणाखाली होतं.

डॉक्टरांनी अजिबात वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. ताई वाकल्या. विटा बाजूला केल्या, दोन्ही पांघरुणं काढली. जावेचं घडी करून तिच्या दारात ठेवलं, आपलं घरात नेलं.

संध्याकाळी जाऊ आली ती टवटवीत फुलं पाहून हरखलीच. मग ताईंच्या वाफ्याकडे न बघता बोलायला लागली, "रेडिओवर फार थंडी सांगितली हो. एकेका पांघरुणाने निभावलं नसतं. म्हटलं, दोन्ही जाण्यापेक्षा एक तरी वाफा वाचवू."

"कुठला, ते तूच ठरवलंस."

जावेने दारातलं घडी केलेलं पांघरूण उचललं.

"कडेच्या चार वेलींच्या शेंगा तोडू नकोस," ताई म्हणाल्या. "मला बियाला हव्यात."

"अहो, घ्या की!" जावेचा जीव भांड्यात पडला. "आज ऊन बघून दुकानात काळजीच लागली होती. पण म्हटलं, ताई घरी आल्या असतील, त्या काढतीलच. तुम्ही आहात म्हणून तर मी निर्धास्त असते."

"मीही होते," ताई म्हणाल्या.