समुद्रावरची धूळ

मुरबाडच्या एसटी स्टँडवर मी कल्याणच्या गाडीची वाट बघत होतो. सुदामच्या धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, सुदामदा गेला."

"आता कुठल्या बोटीवर?"

"बोटीवर नाय, दादा."

आमच्या टीममध्ये 'गेला' म्हणजे बोटीवर गेला, एवढाच अर्थ होता. तेव्हापासून त्याचे किस्से आठवतायत. एक काढला की मागे तीन उभे.

अरबस्तानातून समुद्रावर येणारी कोरडी, धुळकट हवा मोजणं हे आमचं काम. डेकवरून फुगा सोडायचा, खाली लटकवलेलं यंत्र वरची हवा मोजत जाणार. मी खर्डीचा, केबिनमध्ये आकडे बघायचो. म्हसा गावचा सुदाम फुगे भरायचा. त्याला दमा होता. मेडिकलला त्याने तो लपवला होता. कळलं असतं तर बोटीवरचं काम संपलं असतं. हे फक्त मला ठाऊक.

एकदा फुगा वर गेला आणि हवेतला ओलावा एकदम कोसळला. "सेन्सर बिघडला!" आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम ओरडल्या. दुसरा फुगा सोडला, तेच आकडे. मग त्या हसल्या, "बरोबर आहे. कोरडी हवाच आलीय."

सुदाम म्हणाला, "म्हंजे खाली दर्या नि वर मे महिन्यातला मुरबाड!"

धूळ पकडायला हवा खेचणाऱ्या पंपावर पांढरा फिल्टर लावलेला असे. एके दिवशी तो पिवळा निघाला. मॅडम खूश! वास घेतला, तर खानसाम्याने वाऱ्याच्या तोंडाला मसाल्याचा डबा झटकलेला. सुदामला खोकल्याची उबळ आली, थांबेचना. माझा जीव टांगणीला.

कॅप्टन म्हणाले, "बिडी छोड दे, भाई!"

जन्मात बिडी न ओढलेला सुदाम म्हणाला, "छोडता हूँ, साब."

आणि एका दुपारी खरी धूळ आली. क्षितिज दिसेना, दात करकरायला लागले. फुग्यात भरायच्या गॅसचा शेवटचा सिलिंडर उरलेला. मी वर धावलो.

"खाली जा रे, मी धरतो."

"तू सोडशील हातातून," सुदाम कसाबसा बोलला. "गप ऱ्हा."

फुगा भरला. तेवढ्यात मॅडम ओरडल्या, "थांबा! फुगा गळतोय. शिट्टी ऐकू येतेय!"

त्यांनी फुग्याच्या तोंडाशी कान नेला. मी दोरा आणखी आवळला. शिट्टी चालूच. सुदाम खाली मान घालून उभा.

"सोडा," मॅडम अखेर म्हणाल्या.

फुगा सरळ वर गेला, धुळीत दिसेनासा झाला. शिट्टी डेकवरच राहिली.

मॅडम वर बघत म्हणाल्या, "सुदाम, बंदरात उतरलास की आधी डॉक्टरकडे जायचं."

"हो, मॅडम."

ते राहूनच गेलं.