कायम वस्ती : शून्य

धरणाच्या पायथ्याशी एक पाइप आहे. मातीच्या भरावातून जे पाणी पाझरतं, ते चरातून गोळा होऊन त्या पाइपातून बाहेर पडतं. रोज सकाळी त्याखाली दहा लिटरची बादली धरायची, ती किती सेकंदांत भरते ते घड्याळात बघायचं, पाणी नितळ की गढूळ ते बघायचं आणि वहीत लिहायचं. एवढीच तिची नोकरी. एकोणीस वर्षं तिनं ती केली आणि त्यापायी खरं नाव मागे पडून ती सगळ्यांची बादलीमावशी झाली.

नोकरी किरकोळ, पण मावशी ती किरकोळ मानत नव्हती. भरावावर घुशीचं बीळ दिसलं की काठी रोवून खूण करायची, झुडूप दिसलं की उपटायची. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "माझा ताप कधी एवढ्या काळजीनं बघितला नाहीस." ती म्हणायची, "तुम्ही फुटलात तर मी एकटीच भिजेन."

धरण लहानसंच, पण कागदावर पहिल्या वर्गात होतं. कारण त्याच्या खालीच वीटभट्टीवाल्यांची चौदा घरं होती. त्यातल्या एका घरात मावशीची लेक, जावई आणि दोन नाती राहत. पहिला वर्ग म्हणजे दरवर्षी तपासणी, रोज मोजणी.

मग नवीन साहेब आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बुटांना चिखल लागू नये म्हणून गाडीतूनच धरण बघणारा. त्याच्या पाहणीनंतर दोन महिन्यांत कागद आला : धरण तिसऱ्या वर्गात. तपासणी पाच वर्षांतून एकदा, मोजणी महिन्यातून एकदा.

आणि नेमकं त्याच सुमाराला पाणी बिघडलं. तलावाची पातळी तेवढीच, पण चाळीस सेकंदांत भरणारी बादली एकतीस सेकंदांत भरू लागली. तळाला बोटभर गाळ. म्हणजे धरण आतून स्वतःचीच माती धुऊन बाहेर टाकत होतं. मावशीनं ते पाणी बाटलीत भरलं, वही काखोटीला मारली आणि ऑफिस गाठलं.

साहेब चहा पीत होता. टेबलावरच्या बाटलीकडे त्यानं नाक मुरडून बघितलं आणि शिपायाला ती खाली ठेवायला सांगितली.

"मावशी, तुमचा घोळ होतोय," तो म्हणाला. "वर्ग म्हणजे धरण किती पक्कं आहे ते नव्हे. ते फुटलं तर खाली कोणाचं काय जाईल, त्यावर वर्ग ठरतो."

"तेच म्हणते मी. खाली माझी लेक आहे."

"नकाशात तिथं पत्र्याच्या शेड दिसतात. कायम वस्ती शून्य."

"आणि त्या शेडमध्ये झोपतं कोण?"

"त्याला रकाना नाही," साहेब म्हणाला आणि चहावरची साय बोटानं काढून त्यानं टेबलाच्या कडेला पुसली.

मावशी त्या पुसलेल्या सायीकडे बघत राहिली.  मग तिनं धरणाचा वर्ग बदलण्यासाठी केलेला अर्ज बघायला मागितला. खाली साक्षीदार म्हणून सही होती तिच्या धाकट्या दिराची. दीर ग्रामपंचायतीचा सदस्य होता.

ती थेट त्याच्या घरी गेली. तो जेवत होता.

"भावजी, माझ्या नाती शेडमध्ये धरल्यात तुम्ही?"

"बसा तर खरं, वहिनी." त्याचा घास थांबला नाही. "अहो, पहिला वर्ग असला की खालच्या जमिनीवर बांधकामाला परवानगी मिळत नाही. गावाचं भलं नको का व्हायला? आणि एकोणीस वर्षांत फुटलं का ते?"

बोलताना त्याच्या ओठावर शीत चिकटलं होतं. या माणसाला त्याच्या लहानपणी आपण भरवलंय, हे आठवून तिला स्वतःच्या हाताचीच शिसारी आली. ती न बसता बाहेर पडली.

महिन्यातून एकदा सांगितलं होतं तरी ती रोज मोजत राहिली. दर आठवड्याला अर्ज टाकत राहिली. आवक खिडकीवरचा कारकून न वाचताच शिक्का मारायचा. सव्वा वर्षात बादली पंचवीस सेकंदांवर आली. तोवर खालच्या जमिनीवर एक गेस्ट हाउस उभं राहिलं : हिरवळ, पोहायचा तलाव, सोळा खोल्या. मालक मोठ्या साहेबांचा मेहुणा.

पुढं सगळं असं भरभर झालं, की मावशीला बघूनच उबग आला. एका आठवड्यात धरण पुन्हा पहिल्या वर्गात. लगेच यंत्रं आली, पायथ्याशी वाळू-खडीचा जाड थर बसला, भराव दाबून घेतला. बादली पुन्हा चाळिशीवर गेली, पाणी नितळ आलं. काम चोख झालं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

काम संपल्यावर फोटो काढायचं ठरलं. साहेब म्हणाला, "या मावशी, मधे उभ्या राहा. तुमच्या वहीमुळेच झालं हे."

मावशीनं नवा अर्ज मागून घेतला. कायम वस्ती : एक. पाहुणे : बत्तीस. पुढच्या ओळीत, शेड : चौदा.

"यात माझी लेक कुठे आहे?"

"आता काय फरक पडतो? धरण तर सुरक्षित झालं ना?"

दीर हसून म्हणाला, "वहिनी, तोंड गोड करा आता."

ती फोटोत उभी राहिली नाही. चिडली नाही, रडली नाही. पाहुण्यांच्या पुण्याईवर आपल्या नाती सुखरूप झाल्या, याचं बरं वाटत होतं आणि त्या बरं वाटण्याचीच तिला किळस येत होती.

खाली वस्तीवर लेक म्हणाली, "आई, झालं ना तुझ्या मनासारखं? मग असं का बघतेस?"

 मावशीनं वहीचं कोरं पान उघडलं आणि विचारलं, "शेजारी किती माणसं आहेत?"

संध्याकाळपर्यंत चौदा घरं फिरून झाली. एकसष्ट माणसं, त्यांत दोन तान्ही. दुसऱ्या दिवशी तिनं ती यादी आवक खिडकीवर दिली. कारकुनानं सवयीनं शिक्का उचलला. मावशीनं कागदावर हात ठेवला.

"आधी वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."