कोलमनच्या घरातलं गरम पाणी

अट्रॅक्टा गेली आणि कोलमन गेराटीच्या नळाला गरम पाणी यायचं बंद झालं. पण त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

दोघं बहीणभाऊ, लग्न कुणाचंच झालं नाही. आईवडिलांमागे रोस्कॉमन परगण्यातल्या त्याच घरात राहिले. तो गाई बघायचा, ती घर. माझं घर त्यांच्या रस्त्याच्या खालच्या वळणावर. अट्रॅक्टा नोव्हेंबरात दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. दफनाला सगळा गाव लोटला, चहा-सँडविच झालं आणि जो तो आपापल्या घरी गेला. त्यानंतर कोलमन चर्चमध्ये भेटायचा, पावसापाण्याचं बोलायचा आणि निघायचा.

जानेवारीत मी त्याच्याकडे ताजा पाव घेऊन गेले. पाहते तर शेगडीवर किटली आणि दोन मोठी पातेली चढवलेली. विचारलं, तर म्हणाला अंघोळीचं पाणी. खोली उबदार ठेवणारा रेडिएटर मात्र हात पोळेल इतका तापलेला.

"कधीपासून चाललंय हे?"

"ती गेल्यापासून." तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. ते सगळं तीच बघायची."

त्याला न विचारता मी टिअर्ननला फोन केला. घर आणि पाणी तापवणारे पंचक्रोशीतले बॉयलर तोच दुरुस्त करतो.

टिअर्ननने बॉयलर पाहिला, त्यात जळणारं तेल पाहिलं, टायमर फिरवून पाहिला. सगळं ठीक होतं. मग वरच्या मजल्यावर, गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटापाशी गेला. टाकीच्या उबेला अट्रॅक्टाने रचून ठेवलेले टॉवेल तिथे तसेच होते. ते त्याने सांभाळून पलंगावर ठेवले. बॉयलरकडून येणारा एक पाइप रेडिएटरकडे जात होता, दुसरा टाकीकडे. टाकीच्या पाइपवर एक झडप होती आणि ती उघडायला छोटी मोटर. झडपेच्या अलीकडे पाइप गरम, पलीकडे गारठलेला. टिअर्ननने मोटरखालची दांडी बोटाने सरकवली. आत पाणी खळखळलं आणि पलीकडचा पाइपही तापायला लागला.

"मोटर गेलीय," तो म्हणाला. "आताची नाही हं. आत गंज बघा, वर्षं झाली असतील."

"पण पाणी तर रोज गरम असायचं," कोलमन म्हणाला.

"मग कुणीतरी रोज सकाळी हातानं उघडत असणार. आणि नंतर आठवणीनं बंदही करत असणार, नाहीतर पाणी पार उकळलं असतं."

कोलमन पलंगावर टॉवेलांशेजारी बसला. म्हणाला, "मला कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही."

टिअर्ननने नवी मोटर बसवली. कोलमनने त्याला चहाला थांबायचा खूप आग्रह केला, पण त्याला पुढचं काम होतं. मी थांबले, चहा घेतला आणि अंधार पडायच्या आत निघाले. कोलमन फाटकापर्यंत आला आणि मी वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.

पुढच्या रविवारी चर्चबाहेर मी विचारलं, पाणी येतंय का नीट.

"येतं की. आपोआप येतं आता." तो टोपी हातात फिरवू लागला. "ती उठायची त्याच वेळेला जाग येते मला हल्ली. करायला काही नसतं. मग पडून राहतो."