कोरा अभ्रा

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला माझा चेहरा माझ्यावर उलटला. तोवर आरशाशी माझं बरं चाललं होतं. मग कपाळावर दोन, हनुवटीवर तीन असं करत डावा गाल मुरमांनी पुरता भरला, आणि नेमके त्याच वर्षी सराव पाठ होते. सराव पाठ म्हणजे खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांसमोर उभं राहून शिकवायचं आणि मागच्या बाकावर बसून कॉलेजच्या मॅडमनी ते तपासायचं.

पहिला पाठ शेलार गावाच्या बाजूच्या एका शाळेत, चौथीच्या वर्गावर होता. विषय कोणता मिळावा? शरीराची स्वच्छता! मी फळ्यावर चेहऱ्याचं चित्र काढलं, रोज तोंड का धुवावं ते रंगवून सांगितलं, आणि पहिल्या बाकावरच्या एका पोरानं अगदी मनापासून विचारलं, "बाई, मंग तुम्ही धूत न्हाय का?"

वर्गात हशा फुटला. मॅडमसुद्धा वहीआड हसल्या, मी पाहिलं. मी पदर गालावर ओढला आणि उरलेला पाठ फळ्याकडे तोंड करून उरकला. मॅडमनी तोच पाठ महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा घ्यायला सांगितला. घरी येऊन मी पिशवी भिरकावली आणि जाहीर केलं, "मला नाही व्हायचं शिक्षिका. मी लूमवर सुताच्या कांड्या भरीन."

आईनं पिशवी उचलून खुंटीला लावली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मी शिकवावं ही तिची फार इच्छा होती आणि खरं सांगायचं तर माझीही होती. म्हणूनच इतका संताप आला होता.

दुसऱ्याच दिवशी आईनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गाल उजेडाकडे वळवून पाहिला. साध्या साबणानं दोनदा तोंड धू, पुटकुळ्या फोडू नकोस, जागरणं बंद कर. मग त्यांनी विचारलं, "उशी कोण कोण वापरतं?"

"ही न् हिचे बाबा," आई म्हणाली.

आमची एकच खोली आणि त्यात एकच गादी. बाबा पॉवरलूमवर रातपाळीला होते. रात्री मी त्या गादीवर, सकाळी मी उठले की बाबा. आई तिची गोधडी घेऊन ओट्यापाशी झोपायची. गल्लीत सगळ्यांचंच असं होतं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र मान हलवली. बाबांनी डोकं धुतल्याशिवाय उशीला टेकायचं नाही आणि उशीचा अभ्रा दर दोन दिवसांनी बदलायचा, कारण रात्रभर गाल त्यावरच घासतो, असं त्यांनी बजावलं.

बाबांनी ते मानलं. तेल आणि कापसाच्या तुसांनी पांढरं झालेलं डोकं ते रोज सकाळी मोरीत बसून खसाखसा धुऊ लागले. आई तर अभ्र्याच्या कामाला कंबर कसून लागली. आमच्याकडे बाकी कशाचीही वानवा असली तरी कापडाची कधी नव्हती. मागावरून उतरलेल्या तुकड्यांचे पडदे, पिशव्या, रुमाल, सगळं घर त्यातच गुंडाळलेलं. आईनं एका दुपारी मशीनवर दहा अभ्रे मारले. दर दोन दिवसांनी उशीला नवाकोरा अभ्रा चढायचा आणि उतरलेला थेट पोतेऱ्याला जायचा. एकदा वापरलेला पुन्हा लेकीच्या गालाखाली नको! इतका थाट राजाच्या मुलीचाही नसेल.

तीन आठवडे झाले आणि गाल लालबुंद झाला. आता मुरमांच्या जोडीला खाज आणि पुरळ. मी आईवर ओरडले, डॉक्टरीणबाईंवर ओरडले, बिचाऱ्या आरशावरही ओरडले. आईनं घाबरून आणखी अभ्रे शिवले आणि आता ते रोज बदलायला घेतले.

एका सकाळी शेजारची चाची साखर मागायला आली. तिचा नवरा सायझिंगमध्ये कामाला होता. मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला आधी खळ लावून कडक करतात, ते काम. आई उशीला अभ्रा चढवत होती. चाचीनं साखरेची वाटी खाली ठेवली आणि दोन बोटांत कापड चोळून पाहिलं.

"ये तो सीधा लूम से उतरा हुआ है. धोया नहीं?"

"कोरा हाय तो!" आई दुखावून म्हणाली. "कोऱ्याला काय धुवायचा?"

"अरी, कोरा है, साफ थोडी है!"

चाचीनं अभ्रा आईच्या हातातून घेतला, बादलीत बुडवला आणि चांगला चोळला. पाणी बघता बघता भाताच्या पेजेसारखं गढूळ आणि गुळगुळीत झालं. "देखो. मांड, मोम, तेल, सब. बच्ची का गाल है के पापड?"

आईनं बादलीकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे पाहिलं. "अगो बाय माजे," ती म्हणाली, "म्हंजे मीच रोज लावीत होते!" आणि मटकन खाली बसून हसायला लागली. चाची हसली. मी मिनिटभर रागानं धुमसले आणि मग मलाही राहवेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही तिघी हसलो.

हसू ओसरल्यावर वाटलं, ही चूक आमच्या गावातच होऊ जाणे. आमच्याकडे कापड विणलं जातं आणि कोरंच ट्रकात चढतं. धुणं, रंगवणं पुढे कुठेतरी. जन्मभर कोरं कापड पाहिलेल्या माणसाला कोरं म्हणजे स्वच्छ असंच वाटणार.

शुक्रवारी माग बंद असत, हवेत तूस कमी. त्या दिवशी आईनं आणि मी मिळून सगळे अभ्रे पातेल्यात सोडा घालून उकळले, तीनदा खळबळले आणि गच्चीवर कडक उन्हात टाकले. संध्याकाळी ते हातात घेतले तर तान्ह्या बाळाच्या अंगड्याहून मऊ! आईनं साडेदहाला दिवा घालवला आणि मी त्या उशीवर अशी झोपले की सकाळी तिला तीन हाका माराव्या लागल्या. पंधरा दिवसांत लाली गेली, खाज गेली. मुरमं पाच-सहा उरली, त्यांच्याशी मी जुळवून घेतलं.

मग तोच वर्ग, तोच पाठ. या वेळी मी पदर कमरेला खोचला आणि बादलीच घेऊन गेले. एक कोरा तुकडा, एक धुतलेला. पोरांना पाण्यात हात घालायला लावलं आणि वर्गात नुसती जत्रा झाली. "बाई, आमच्या उशीला पन ह्योच कपडा हाय!" असं ओरडत अर्धा वर्ग उभा राहिला. मॅडम स्वतः उठून बादलीपाशी आल्या. मला इतका आनंद झाला होता की शिकवणं थांबवावंसं वाटत नव्हतं.

शेवटी मी टिपणातला प्रश्न विचारला, "स्वतःच्या वेगळ्या उशीवर कोण कोण झोपतं?"

चार-पाच हात वर झाले. खिडकीशी बसलेली एक किडकिडीत मुलगी उभी राहिली. "बाई, माजी उशी पप्पांची पन हाय. ते रातपाळीवरनं येतात ना, म्हून मी लवकर उठते. न्हायतर ते भायेरच बसून ऱ्हातात. मला उठवत न्हायत."

टिपणात पुढचं वाक्य तयार होतं: प्रत्येकानं स्वतःची वेगळी उशी वापरावी. माझ्याच्यानं ते वाचवेना. मी तिला शाबास म्हटलं आणि पाठ संपवला.

मॅडमनी वहीत 'उत्तम' लिहिलं. ते दाखवायला मी घरी पळत गेले, पण आईला आधी भलतंच विचारलं. "बाबांची पाळी किती वाजता सुटते?"

"सातला."

बाबा रोज आठला घरी यायचे. मी पावणेआठला उठायचे. "मग तासभर असतात कुठे?"

आई भाकरी थापत राहिली. "नाक्यावर बसतात. तुजी झोप मोडंल म्हून."

मला माझीच लाज वाटली, आणि बाबांबद्दल इतकी माया दाटून आली की वही हातातच राहिली. त्याच संध्याकाळी पिंजाऱ्याकडून कापूस आणून मी उशी शिवली, तिला उकळून मऊ केलेला अभ्रा चढवला. भिंतीकडेला आईच्या जुन्या गोधड्यांचं दुसरं अंथरूण घातलं.

सकाळी सव्वासातला मी स्वतः नाक्यावर गेले. बाबा चहावाल्याच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगत होते. "बाबा, चला. पास झाले मी. आणि तुमचं अंथरूण घातलंय."

घरी येऊन त्यांनी शिस्तीत डोकं धुतलं आणि भिंतीकडे पाहिलं. "ही उशी कोनाची?"

"तुमची."

"निस्ती माजी?"

पन्नाशीला आलेले बाबा त्या उशीवरून हात फिरवत राहिले. मग आडवे झाले, आणि मी माझी चादर घडी करेपर्यंत घोरायलाही लागले.