चेंबरचा नट

जळक्या ऑइलचा वास आला की माझा हात आजही आपोआप डोक्यावरच्या पदराकडे जातो. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. दुसऱ्या दिवशी नणंदेच्या साखरपुड्याला फलटणला जायचं, म्हणून आमचे हे पलूसच्या घरी, अंगणातच डिझेल पिकअपखाली आडवे झाले होते, आणि मिलिटरीत ड्रायव्हर राहिलेले सासरे बॉनेटशी उभे राहून हुकूम सोडत होते. जुनं तेल निघालं, नवा ऑइल फिल्टर बसला. तेल सोडायचा, चेंबरच्या तळाचा नट ह्यांनी मला धुवायला दिला होता. मी तो राखेनं घासून, चकचकीत करून आणला, तोवर सासऱ्यांनी सांगलीहून आणलेलं नवं तेल वरून ओतायला सुरुवातही केली होती. फिल्टर गळतोय का ते बघायला हे अजून खालीच. सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, असं आईनं बजावलेलं. मी खोकले. बांगड्या वाजवल्या. "सूनबाई लय खोकतीया, काढा द्या रं तिला कुणीतरी," म्हणत सासरे ओततच राहिले. एवढ्यात गाडीखालून बोंब आली, "आबा, थांबा! समदं माज्या तोंडावर पडतंय!" मग मात्र मी बोलले, "मामंजी, नट माज्याकडं हाय." रिकामा डबा खाली ठेवून सासरे म्हणाले, "सूनबाई, हितनं म्होरं मनात येईल ते लगीच बोलायचं. हुकूम हाय!" सासरे गेले, गाडी गेली, हुकूम तेवढा मी अजून पाळते. "त्यापरास रोज तोंडावर तेल पडलेलं परवडलं असतं," असं ह्यांचं म्हणणं आहे.