डेन्मार्कचा 'नाय'

पनवेलच्या स्टँडवरून एस.टी. सुटता सुटता आई खिडकीशी आली. "परक्याच्या घरी लाजू नको, बाला. पोटभर जेव." मला हसू आलं. सरकारने दुग्धव्यवसाय शिकायला डेन्मार्कला धाडलेला माणूस लाजेल कशाला?

बोटीवर एका डॅनिश खलाशाने मला त्याच्या भाषेतला पहिला शब्द शिकवला: नाय. अर्थ? नाही! आमच्या आगरी बोलीतल्या ज्या शब्दापायी शाळेत कान पिळून घेतले, तो गोऱ्यांच्या मुलखात राजरोस चालत होता. आता भाषेचं काय ते उरलं, अशा थाटात मी कोपनहेगनला उतरलो.

मुक्काम एका शेतकऱ्याच्या घरी होता. पहिल्याच जेवणाला बाईंनी तळलेला मासा आणि लोण्यात घोळलेले बटाटे वाढले. माझं संपल्यावर त्यांनी भांडं पुन्हा पुढे केलं. आपल्या रीतीप्रमाणे मी हात आडवा धरून म्हणालो, "नाय." बाई गोड हसल्या आणि भांडं आत घेऊन गेल्या. आता परततील, शपथ घालतील, निदान एक बटाटा तरी लोटतील म्हणून मी वाट बघत बसलो. त्या परतल्या त्या टेबल पुसायचं फडकं घेऊन.

सकाळी यजमानांनी मोडक्या इंग्रजीत उलगडा केला. "पाहुणा नाही म्हणाल्यावर पुन्हा विचारायचं म्हणजे त्याला खोटं पाडणं." शब्द तोच, अर्थही तोच. पनवेलला त्याने बोलणी सुरू होतात आणि इथे संपतात, एवढाच काय तो फरक. महिन्याभरात मी इतका सुधारलो, की आग्रह हा कसा रानटीपणा आहे, यावर घरी पत्रामागून पत्रं लिहिली.

परतलो तेव्हा आईने जिताड्याचं (खाडीतला मोठा चवदार मासा) कालवण केलं होतं. मला बघायला आलेली शेजारची काकीही जेवायला बसली. या वासासाठी परदेशात जीव तळमळला होता. पहिला तुकडा संपला, आईने पातेलं पुढे केलं आणि माझा मेला हात जन्माच्या सवयीने आडवा झाला. "नाय, नाय."

"बरं," म्हणत आईने पातेलं मागे घेतलं.

"आई, अगं..."

"आग्रह करनं रानटी हाय, आसं तूच लिवलंस ना? आमी बी सुधारलो."

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. पातेलं काकीपुढे गेलं. ती तीनदा "नाय" म्हणाली, आणि तिन्ही वेळा तिच्या ताटात तुकडा पडला.